दवाखाना कोणाचा, ते आधी विचारा: सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आमच्या गल्लीतल्या अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. एका सकाळी मामांच्या छातीत कळ आली आणि रिक्षावाल्याने त्यांना जवळात जवळ असलेल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. काउंटरवर अनामत मागितली. अक्कांनी कानातली फुलं गहाण टाकून चाळीस हजार आणले. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो आणि फाटकावरची पाटी नीट वाचली. रुग्णालयाच्या ठसठशीत नावाखाली बारीक अक्षरात न्यासाचं, म्हणजे ट्रस्टचं, नाव आणि नोंदणी क्रमांक होता. म्हणजे रुग्णालय धर्मादाय होतं. आत जिन्याखाली सरकारी योजनेचे कागद चढवून देणारा आरोग्यमित्रही बसत होता. या दोन्हींपैकी एक गोष्ट जरी पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती, तरी अक्कांची फुलं कानातच राहिली असती.

तेव्हापासून कुणाहीबरोबर दवाखान्यात जायचं झालं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: हा दवाखाना कोणाचा? मालक कळला की पैसे कोणी भरायचे, आपण हक्काने काय मागू शकतो आणि काही बिनसलं तर कोणाचं दार ठोठवायचं, या तिन्ही गोष्टी उलगडत जातात. आपण मात्र ‘मोठा’ आणि ‘छोटा’ एवढाच भेद करतो. पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती आहे. कागदांची पायरी आजारपण येण्याआधीची आहे, ती आजच करून टाका.

पहिली पायरी: कागदांची पिशवी

एक प्लास्टिकची पिशवी घ्या. तीत घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जुने केस पेपर आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या ठेवा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स आताच काढा. रात्री दोनला झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं.

आता शिधापत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नावं अक्षर न अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे, विशेषतः शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात, याच गोष्टीत माणसं अडकतात. शिधापत्रिकेवर तेलुगू पद्धतीने घराण्याचं नाव आधी, आधारवर ते शेवटी. एकीकडे ‘नागमणी’, दुसरीकडे ‘नागम्मा’. सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर, नातवाचं कुठेच नाही. एरवी यावाचून काही अडत नाही. पण सरकारी आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेची मंजुरी मागताना संगणक ही दोन माणसं वेगळी धरतो आणि रुग्ण खाटेवर असताना घरचा माणूस पुरवठा कार्यालयाच्या रांगेत उभा राहतो. अक्कांचं कार्ड मी पाहिलं तेव्हा मामांच्या जन्मवर्षातच फरक होता. दुरुस्तीला काही आठवडे लागतात, म्हणून ती धडधाकट असतानाच करायची. उत्पन्नाचा दाखलाही सेतूत अर्ज केल्यावर लगेच हातात पडत नाही.

घरात ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं माणूस असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं.

दुसरी पायरी: जीव धोक्यात असेल तर प्रश्न नंतर

छातीत कळ, अर्धांगाची लक्षणं, अपघात, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव. अशा वेळी मालक बिलक काही पाहायचं नाही, १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. पत्ता सांगताना चौक, शाळा किंवा देऊळ अशी खूण सांगा आणि एका माणसाला रस्त्याच्या तोंडाशी उभं करा. आपल्या बोळांत गाडी वळवण्यात वेळ जातो. गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय की अपघातग्रस्ताला वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. पोलिसांची कागदपत्रं त्यानंतर. ‘आधी पोलीस केस करून आणा’ असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा. आवाज चढवू नका, त्याने रुग्णाचा वेळ जातो.

तिसरी पायरी: सरकारी दारांचे मालक वेगवेगळे आहेत, ते ओळखा

आपण सरसकट ‘सरकारी दवाखाना’ म्हणतो. राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा विषय राज्याकडे दिला आहे. दिल्लीहून राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या वाटेने पैसा आणि कार्यक्रम येतात, पण दवाखाना चालवतं ते राज्य किंवा स्थानिक संस्था. आणि राज्यातही मालक एक नाही.

खेड्यातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. त्यांचा वरिष्ठ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. सपाट प्रदेशात साधारण ५ हजार लोकसंख्येला उपकेंद्र आणि ३० हजारांना प्राथमिक केंद्र, असा नियम आहे. गावच्या आशाताई याच साखळीतल्या. त्यांना नुसत्या ‘पोलिओवाल्या बाई’ समजू नका. बाळाची नोंद, लसी, क्षयाच्या गोळ्या, कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर येतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.

तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. त्यांचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. या विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केस पेपरलाही पैसे नाहीत.

शहरातली नागरी आरोग्य केंद्रं आणि बाळंतपणासाठी तीन-तीन पिढ्यांच्या ओळखीचं डफरीन, ही महापालिकेची. क्षयरोगाची औषधं इथे मोफत मिळतात. उपचार खासगी डॉक्टरकडे चालू असले तरी त्या डॉक्टरने क्षयाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे थेट बँक खात्यात येतात. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० आहेत. यंत्रमागाच्या आणि विडीच्या धुळीत आयुष्य गेलेल्या घरांनी दोन आठवड्यांहून जास्तीचा खोकला ‘धुळीचा आहे’ म्हणून अंगावर काढू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि आपलं सिव्हिल. कागदोपत्री त्याचं नाव श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. म्हणजे त्याचा मालक वैद्यकीय शिक्षण विभाग आणि प्रमुख अधिष्ठाता, ज्यांना आपण डीन म्हणतो. मोफत उपचारांचा २०२३ चा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता. त्यामुळे सिव्हिलच्या खिडकीवर थोडं शुल्क मागितलं तर कर्मचाऱ्यावर चिडू नका, त्याचा विभागच वेगळा आहे. पिवळी शिधापत्रिका असेल तर ती पुढे करून सवलत विचारा. तिथे समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. औषध बाहेरून आणायला सांगितलंय आणि खिशात पैसे नाहीत, रुग्णाबरोबर कुणी नाही, कागद अपुरे आहेत, अशा वेळी नगरसेवकाला फोन लावण्याआधी त्यांना भेटा. त्यांचं कामच ते आहे, पण त्यांची खोली विचारत फार थोडे लोक जातात.

शिकाऊ डॉक्टर बघतात म्हणून सिव्हिलला जायचं नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. निवासी डॉक्टर रात्रभर जागे असतात आणि त्यांच्या वर प्राध्यापक असतात. अपघात, भाजणं, विषबाधा, नवजात बाळाची गुंतागुंत, यांचा अनुभव तिथे रोजचा असतो. गर्दी आहे, खाटा कमी पडतात, स्वच्छतेबद्दल तक्रारी आहेत, हे खरंच. पण गंभीर प्रसंगात मी माझ्या माणसाला तिथे नेईन.

चौथी पायरी: पगारपत्रक पाहा

कारखान्यात, दुकानात, रुग्णालयात नोकरी आहे, महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापले जातात, असं असेल तर कामगार विमा रुग्णालयाचं दार तुमच्या कुटुंबाला उघडं आहे. मालक ३.२५ टक्के भरतो. पैसा केंद्राच्या महामंडळाचा, तर इथले दवाखाने चालवते राज्याची कामगार विमा सोसायटी. फक्त उपचार नाहीत, आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कमही मिळते. ही रजेची मजुरी मागायची राहून जाते, कारण अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. विडी कामगारांचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या श्रम कल्याण दवाखान्यांची वेगळी सोय आहे. अक्कांकडे ते कार्ड होतं, लोखंडी पेटीच्या तळाशी.

पाचवी पायरी: आरोग्यमित्राला गाठा, पावती फाडण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजे दवाखाना नाही, ती बिल भरणारी सरकारी व्यवस्था आहे. रुग्णालय सरकारी असो, खासगी असो की धर्मादाय, ते योजनेत असलं की ठरलेल्या उपचारांचं बिल राज्य भरतं. तिचं आधीचं रूप २ जुलै २०१२ रोजी पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात सोलापूर होतं. म्हणजे आपल्याकडे ती राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या आधीपासून आहे. २०२३ च्या निर्णयाने संरक्षण कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंत गेलं आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवालेही आत आले.

क्रम असा ठेवा. भरती होण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर विचारा की हे रुग्णालय योजनेत आहे का आणि या आजारासाठी आहे का. दोन्ही प्रश्न विचारा, कारण हृदयासाठी योजनेत असलेलं रुग्णालय मेंदूसाठी नसू शकतं. रुग्णालयात शिरल्यावर आरोग्यमित्राचा कक्ष शोधा. डॉक्टरांनी निदान लिहून दिलं की आरोग्यमित्र कागद चढवतो आणि मंजुरी येते. तातडीच्या रुग्णाला आधी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून जोडता येतात, पण हे त्याच वेळी बोलावं लागतं. मंजुरीच्या पॅकेजमध्ये तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण आणि घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा येतो. त्यावर ‘वरचे’ म्हणून पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच क्रमांकावर कळवा.

अक्कांची चूक एवढीच झाली की आधी पैसे भरले गेले. एकदा रोख भरून उपचार झाले की ते पैसे योजनेतून परत मिळवणं फार अवघड.

सहावी पायरी: धर्मादाय रुग्णालयात अर्ज लिहून द्या

या दाराबद्दल लोकांना सगळ्यांत कमी ठाऊक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

न्यासाने चालवलेलं रुग्णालय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेलं असतं. दिसायला ते अगदी कॉर्पोरेट असेल, गुळगुळीत फरशी असेल, पण नोंदणी धर्मादाय असते आणि त्या नोंदणीच्या सवलती ते घेतं. म्हणून कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्याच्यावर जबाबदारीही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली तिला नेमकं रूप दिलं: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. खर्च भागवायला रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची. म्हणजे तिथे सवलत मागणं म्हणजे भीक मागणं नाही. तो पैसा त्यासाठीच बाजूला काढलेला असतो.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. दुर्बल रुग्णाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचं बिल लावायचं नसतं आणि औषधं, साहित्य खरेदीच्या किमतीला धरायचं असतं. तातडीचा रुग्ण आला तर अनामत न मागता भरती करून घ्यायचं आणि जीवाचा धोका टळेपर्यंत उपचार द्यायचे.

हे मिळवायचं कसं? पाटीवर न्यासाचं नाव किंवा ‘धर्मादाय’ शब्द शोधा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी आहे, तीही पाहा. मग रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि तोंडी न बोलता अर्ज लिहून द्या. चार ओळी पुरतात: रुग्णाचं नाव, आजार, वार्षिक उत्पन्न आणि ‘निर्धन अथवा दुर्बल घटक योजनेतून उपचार मिळावेत’ हे वाक्य. सोबत तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ‘खाटा भरल्यात’ असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा. माझा अनुभव असा की लेखी मागितलं की बऱ्याचदा खाट निघते. नाहीच निघाली तर तीच प्रत घेऊन सोलापुरातलं धर्मादाय कार्यालय गाठा. हे सगळं भरतीच्या दिवशी करायचं. घरी सोडायच्या दिवशी बिल हातात आल्यावर अर्ज केला तर तुमची बाजू लंगडी पडते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार आहे, सहकारी रुग्णालय. सोलापूरचं अश्विनी त्याचं ठळक उदाहरण. सभासदांच्या भांडवलावर उभं राहिलेलं हे रुग्णालय सहकारी संस्था म्हणून नोंदलेलं आहे. म्हणून सहकारी रुग्णालयात धर्मादाय खाटांचा नियम लागू असेलच असं गृहीत धरू नका, मात्र सरकारी योजना आहे का ते जरूर विचारा.

कर्करोगाचा संशय आला की लोक थेट मुंबईची गाडी धरतात. त्याआधी बार्शीचा विचार करा. सोलापुरापासून साधारण ७० किलोमीटरवर नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरून कार्यकर्त्यांनी बायकांशी बोलायला, लक्षणं समजावायला सुरुवात केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर तपासणीला येऊ लागल्या. धर्मादाय संस्था आणि मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयासारखी मोठी संस्था एकत्र आल्यावर काय होतं, ते तिथे दिसतं. मुंबईला जायची वेळ आलीच, तर निदान आणि तपासण्यांचे कागद इथून तयार करून न्या.

सातवी पायरी: डॉक्टरांच्या संस्था, कोणती काय करते

इथे घोळ फार होतो. इंडियन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांनी १९२८ साली स्थापन केलेली त्यांची स्वतःची संघटना. तिची शाखा शिबिरं घेते, रक्तदान घडवते, डॉक्टरांची बाजू मांडते. तिचं काम मोलाचं आहे, पण एखाद्या डॉक्टरचा परवाना काढून घेणं तिच्या हातात नाही. तो अधिकार परिषदांचा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आयुर्वेद आणि युनानीवाल्यांची महाराष्ट्र भारतीय चिकित्सा पद्धती परिषदेकडे, होमिओपॅथीची, परिचारिकांची आणि औषध विक्रेत्यांची त्यांच्या त्यांच्या परिषदांकडे. वर देशपातळीवर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे.

याचा रोजचा उपयोग काय? डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर छापायचा असतो. नवीन डॉक्टरकडे जाताना तो पाहा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. नोंद कुठेच सापडली नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि गावात तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवा, बोगस डॉक्टरांवर कारवाई तिथून सुरू होते.

आठवी पायरी: तक्रार योग्य टेबलावर ठेवा

आधी कागद हातात घ्या. रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात आणि भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. लेखी मागा.

दर लावलेले नाहीत, रुग्ण हक्कांची सनद लावलेली नाही, बिलासाठी मृतदेह अडवला, अशा गोष्टी शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. २०२१ मध्ये त्याचे नियम कडक झाले. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असते, तर जिल्ह्यात इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. औषध बनावट किंवा मुदत संपलेलं वाटलं तर अन्न व औषध प्रशासन. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल किंवा निष्काळजीपणाबद्दल त्याची परिषद. ती ताकीद देऊ शकते, नाव नोंदवहीतून काढू शकते, पण तुम्हाला नुकसानभरपाई देऊ शकत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तो परवान्याला हात लावत नाही. दोन्हीकडे जाता येतं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायला हवं. उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात त्या दवाखान्यावर मात्र ग्राहक म्हणून दावा करता येत नाही, तिथे विभागाच्या वरिष्ठांकडेच जावं लागतं.

तक्रार तारखेनुसार लिहा: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी, काय सांगितलं. ‘माणुसकी नाही’ असं लिहिण्यापेक्षा ‘रात्री ११ ते २ डॉक्टर आले नाहीत’ असं लिहिलं की चौकशी करणाऱ्याला काहीतरी धरता येतं. हात उगारणं, काच फोडणं यातून काही मिळत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तुमची खरी तक्रार त्यात बुडते.

मामा आता घरी असतात, जिना चढताना दम लागतो. पुढच्या तपासणीला आम्ही गेलो तेव्हा अक्कांच्या हातात निळी प्लास्टिकची पिशवी होती आणि त्यांनी तिच्यावर मार्करने तीन क्रमांक लिहून घेतले होते: १०८, १५५३८८ आणि धर्मादाय कार्यालयाचा. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी सोलापुरी हेल काढून विचारलं, “बाई, हे दवाखानं ट्रस्टचं हाय नव्हं?” मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि खणातून अर्जाचा कोरा नमुना काढला.